इंग्रजी शब्द शोधून देणारी साधनं: बडोद्याच्या आमच्या स्क्रॅबल ग्रुपकडून रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. अमुक अक्षरं असलेला इंग्रजी शब्द हवा असेल तर वनलुक ही वेबसाइट वापरा, फुकट आहे, लॉगिन मागत नाही, आणि तुम्ही जितकं नेमकं विचाराल तितकं नेमकं उत्तर देते. स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर लावून शब्द बनवायचा खेळ, मन लावून खेळत असाल तर जोडीला झिझिव्हा नावाचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकून घ्या. आणि प्ले स्टोरवर 'वर्ड फाइंडर' टाकल्यावर जी ढीगभर ॲप्स समोर येतात त्यातलं एखादं उचलण्याआधी हे पूर्ण वाचा, कारण शब्द शोधून देणं सोपं आहे, तो शब्द तुमच्या खेळात चालतो की नाही हे सांगणं अवघड आहे, आणि खरा फरक तिथेच पडतो.

आमचा ग्रुप छोटाच आहे. रविवारी संध्याकाळी दांडिया बाजारात मावशीकडे बोर्ड मांडला जातो. मावशी इंग्रजीची टीचर होती, आता रिटायर झाली, ज्याचा अर्थ सांगता येत नाही तो शब्दच नाही असं तिचं ठाम मत. समोरच्या फ्लॅटमधले गुजराती काका बरोबर उलटे, ते याद्या पाठ करतात आणि अर्थाच्या भानगडीत पडत नाहीत. भाचा एमएस युनिव्हर्सिटीत शिकतो, तो स्क्रॅबलपेक्षा वर्डलवाला. आणि चौथी मी. आपसात मराठी, काकांशी गुजराती, बोर्डावर इंग्रजी आणि स्कोअरवरून वाजलं की सगळे हिंदीवर, बडोद्यातल्या मराठी घरांत हे असंच चालतं. लीलो चेवडा मात्र बोर्डापासून लांब ठेवायचा, टाइल्सना तेल लागतं, हा मावशीचा नियम आणि तो कोणी मोडत नाही.

हे शोधाशोधीचं प्रकरण सुरू झालं ते काकांच्या एका चालीवरून. बोर्डावर मावशीने लावलेला रोटी होता, आर-ओ-टी-आय, हो, हा शब्द चालतो, आणि शेवटच्या आयच्या बरोब्बर वरचा चौकोन ट्रिपल लेटरचा होता. काकांनी तिथे क्यू ठेवला आणि त्याच्या उजवीकडे स्वतःकडचा आय. म्हणजे आडवा क्यू-आय आणि उभा पण क्यू-आय. क्यूचे 10, ट्रिपल म्हणून 30, अधिक आयचा 1, असे 31, आणि दोन्ही दिशांना मोजायचे म्हणून 62. दोन टाइल्समधे 62! मावशी चष्मा सावरत म्हणाली, "अहो काका, क्यूनंतर यू नको का?" काका शांतपणे म्हणाले, "शब्द छे, चेक करी लो." भाच्याने चेक केलं, आहेच. चिनी विचारात जी प्राणशक्ती म्हणतात ती. मावशीला अर्थ मिळाला म्हणून तिने मान्य केलं, पण लगेच भाच्याला म्हणाली, "मग यू नसलेले क्यूचे अजून जेवढे शब्द असतील ते सगळे काढ बघू."

आणि इथेच साधी डिक्शनरी हात टेकते. छापील डिक्शनरी फक्त पहिल्या अक्षरावरून उघडते. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन तुम्ही म्हणालात की ज्या पुस्तकाच्या नावात तिसरा शब्द 'नदी' आहे ते द्या, तर लायब्ररियन बिचारा काय करणार, पुस्तकं त्या हिशोबाने लावलेलीच नसतात. तसंच हे. शब्दात मधे कुठेतरी क्यू आहे पण यू नाही, किंवा दुसरं अक्षर एच आणि शेवटचं वाय, किंवा माझ्याकडे ही सात अक्षरं आहेत आणि सातही वापरायची आहेत, हे सगळे प्रश्न डिक्शनरीला आडवे जातात. त्यासाठी यादी वेगळ्या पद्धतीने लावून ठेवावी लागते, आणि वर्ड फाइंडर म्हणजे मुळात तेच आहे.

आतून हे कसं चालतं तेही थोडं सांगते, कारण एकदा कळलं की कुठलं साधन चांगलं हे ओळखता येतं. उलटसुलट अक्षरांतून शब्द काढायची युक्ती अगदी सोपी आहे, प्रत्येक शब्दाची अक्षरं आधीच एबीसीडीच्या क्रमाने लावून ठेवायची. लिसन म्हणजे एल-आय-एस-टी-ई-एन, क्रमाने लावलं की ई-आय-एल-एन-एस-टी. सायलेंटचंही तेच येतं, टिन्सेलचं तेच, एनलिस्टचंही तेच. म्हणजे तुमच्या रॅकवरची, म्हणजे टाइल्स ठेवायच्या पट्टीवरची, अक्षरं क्रमाने लावली की कॉम्प्युटर त्या एका किल्लीखाली असलेले सगळे शब्द एका फटक्यात काढून देतो, एकेक अदलाबदल करून बघत बसत नाही. मुरलेले स्क्रॅबलवाले ह्या क्रमाने लावलेल्या रूपाला अल्फाग्राम म्हणतात आणि स्वतःच्या रॅकवर टाइल्सही तशाच लावतात, म्हणजे डोळ्याला तेच तेच रूप दिसतं आणि शब्द आठवतो. काका हेच करतात. आम्हाला वाटायचं त्यांना नीटनेटकेपणाची आवड आहे.

आता वनलुक. ही मुळात डिक्शनऱ्यांमधे शोधणारी साइट आहे, एका ठिकाणी शब्द टाका, कुठल्या कुठल्या डिक्शनरीत तो आहे ते दाखवते. पण तिची खरी मजा खुणांमधे आहे. प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर, कुठलंही. चांदणी म्हणजे कितीही अक्षरं, शून्य पण चालतील. हॅशची खूण म्हणजे कुठलंही व्यंजन, ॲटची खूण म्हणजे कुठलाही स्वर. मग पॅटर्नच्या शेवटी वजा टाकून जी अक्षरं नकोत ती लिहायची. तर मावशीचा प्रश्न असा टाकायचा: चांदणी, क्यू, चांदणी, वजा, यू. संपलं, एवढ्या पाच खुणांत तिचा सगळा प्रश्न बसला. भाच्याने टाकलं आणि लांबलचक यादी आली, त्यात क्यू-ए-टी होता, एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे आपला फकीरच, टी-ए-एल-ए-क्यू तलाक, एन-आय-क्यू-ए-बी निकाब, क्यू-ओ-पी-एच हे हिब्रू अक्षर, क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे जमिनीखालून पाणी आणायचा बोगदा. मावशी एकेक अर्थ वाचत राहिली आणि तिची पाळी आली तरी तिला पत्ता नाही.

त्या यादीत विशेषनामंही दिसतात, देशांची गावांची नावं, दोन शब्दांचे वाक्प्रचार पण. ते असणारच, कारण ही स्क्रॅबलची यादी नाही, डिक्शनऱ्यांची आहे, आणि क्रॉसवर्ड सोडवणाऱ्याला तेच तर हवं असतं. तर वनलुकवर शब्द शोधायचा आणि स्क्रॅबलमधे चालतो का ते कॉलिन्सच्या, म्हणजे आपल्याकडे चालणाऱ्या स्क्रॅबलच्या शब्दयादीच्या, चेकरवर बघायचं, अशी दोन पायऱ्यांची सवय आम्ही लावून घेतली आणि ती छान जमलीये.

अधिकची खूण भारी आहे. पॅटर्नच्या शेवटी अधिक टाकून अक्षरं लिहिली की फक्त तीच अक्षरं वापरलेले शब्द येतात, एक अक्षर कितीही वेळा आलं तरी चालतं. चांदणी, अधिक, बी-ए-एन टाका, बनाना येतो. न्यूयॉर्क टाइम्सचा स्पेलिंग बी खेळणाऱ्यांना हे सांगायलाच नको, त्यात सात अक्षरं असतात, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे, शब्द किमान चार अक्षरी, आणि तेच अक्षर परत परत वापरता येतं. एस तिथे देतच नाहीत, नाहीतर लोक नुसती अनेकवचनं लावत बसतील. सातही अक्षरं वापरणाऱ्या शब्दाला पॅनग्राम म्हणतात आणि तो अडला की रात्री झोप लागत नाही, तर दुसऱ्या दिवशी जुना खेळ उघडून अधिकच्या खुणेने काय सुटलं होतं ते बघायचं, खूप शिकायला मिळतं.

दोन तिरप्या रेघा टाकून त्यानंतर अक्षरं लिहिली की ती उलगडून शब्द देतो. आणि मला सर्वात आवडलेली खूण म्हणजे विसर्गासारखे दोन ठिपके, म्हणजे कोलन. डावीकडे पॅटर्न, उजवीकडे अर्थ. बी-एल, चांदणी, कोलन आणि स्नो टाका, म्हणजे बी-एलने सुरू होणारे आणि बर्फाशी संबंध असलेले शब्द, ब्लिझर्ड वगैरे. मावशी इंग्रजी पेपरातलं क्रॉसवर्ड कित्येक वर्षं सोडवतेय, तिला हे दाखवलं तेव्हा ती पाच मिनिटं काहीच बोलली नाही, नुसती टाइप करत होती. अर्थ आणि अक्षरं दोन्ही एकदम धरून शोधता येणं ही तिच्यासाठी मोठीच गोष्ट आहे, कारण क्रॉसवर्डमधे अडतं तेव्हा नेमकं हेच हातात असतं, अर्धा अर्थ आणि तीन अक्षरं.

वर्डलचं गणित जरा वेगळं आहे. जोश वॉर्डलने बनवलेला खेळ, जानेवारी 2022 मधे न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला, पाच अक्षरं, सहा चान्स, हिरवं म्हणजे अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर, पिवळं म्हणजे अक्षर आहे पण इथे नाही, राखाडी म्हणजे नाहीच. हिरव्यासाठी प्रश्नचिन्हांचा पॅटर्न, राखाडीसाठी वजा, इथवर वनलुक पुरतं. पण पिवळ्यात दोन गोष्टी असतात, अक्षर आहे ही एक आणि ह्या जागी नाही ही दुसरी, आणि ही दुसरी गोष्ट टाकायची सोय असेल तर उरलेली यादी एकदम छोटी होते. त्यासाठी वर्डलकरता मुद्दाम बनवलेली पानं बरी, पाच चौकोन असतात, प्रत्येकाखाली इथे कुठलं नको ते लिहायचं. असं पान निवडताना एवढंच बघा की पिवळं जागेनुसार घेतं का. नुसता एक 'यात असावीत' असा डबा असेल तर ते अर्धंच काम करतं.

अजून एक बारीक गोष्ट आहे जिथे लोक हमखास अडकतात. समजा तुम्ही स्पीड टाकला, एस-पी-ई-ई-डी, आणि एक ई पिवळा आला, दुसरा राखाडी. तो राखाडी म्हणजे ई नाही असं नव्हे, दुसरा ई नाही असं आहे, एकच आहे. आता तो ई 'नको' वाल्या डब्यात टाकला तर खरं उत्तरच यादीतून उडतं आणि माणूस म्हणतो साइट फालतू आहे. भाचा हे आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या वर्डलवाल्यांना समजावत फिरतो. आणि त्याचा स्वतःचा नियम असा की सहा चान्स संपेपर्यंत फाइंडर उघडायचाच नाही, नंतर मात्र बघायचं की तिसऱ्या चान्सला किती शब्द शिल्लक होते आणि आपण कुठला टाकायला हवा होता. मला हा नियम फार पटतो.

आता मुख्य मुद्द्यावर येते, यादी. स्क्रॅबलचे हक्क अमेरिका आणि कॅनडात हॅस्ब्रोकडे आहेत, बाकी जगात मॅटेलकडे, म्हणून आपल्याकडे दुकानात मिळतो तो मॅटेलचा बोर्ड. शब्दांच्या याद्याही दोन. अमेरिका कॅनडात नास्पा ह्या तिथल्या स्क्रॅबल खेळाडूंच्या संघटनेची यादी, दोन लाखाच्या जरा आत, आणि बाकी बहुतेक ठिकाणी, आपल्याकडेही, कॉलिन्स, जिच्या 2019 च्या आवृत्तीत 2,79,496 शब्द आहेत. फरक केवढा मोठा आहे बघा. झेड-ओ कॉलिन्समधे चालतो, अमेरिकेत नाही. सी-एच चालतो, अमेरिकेत नाही. झेड-ई तसाच. जो फाइंडर तुम्हाला विचारतच नाही की कुठली यादी, त्याने दिलेलं 'नाही' हे उत्तर अमेरिकेचं आहे की तुमचं, हे कळणार कसं? आणि वर्ड्स विथ फ्रेंड्स हा फोनवरचा स्क्रॅबलसारखा खेळ तर तिसरंच, त्याची यादी वेगळी, अक्षरांचे पॉइंट्स वेगळे, जेचे आपल्याकडे 8 तिथे 10, सगळ्या टाइल्स लावल्याचा बोनस आपल्याकडे 50 तिथे 35. म्हणजे 'जास्त पॉइंट्सवाला शब्द वर' असं लावून देणारा फाइंडर जर चुकीच्या खेळाचे पॉइंट्स धरत असेल तर त्या क्रमाला काही अर्थच राहत नाही.

कॉलिन्स वापरायचं आपल्यासाठी अजून एक कारण आहे आणि ह्यावर मी तासभर बोलू शकते. केवढे आपले शब्द आहेत त्यात! घी, धोती, खादी, घाट, घेराव, एच लावलेला बंद, म्हणजे बी-ए-एन-डी-एच. एल-ए-के-एच लाख आहे आणि सी-आर-ओ-आर-ई करोड पण आहे, आणि गंमत म्हणजे लाखाला 11 पॉइंट्स मिळतात आणि करोडला 7, कारण लाखात केचे 5 आणि एचचे 4 आहेत. जिल्हा झेडने लिहितात, झेड-आय-एल-एल-ए-एच, 18 पॉइंट्स. आणि पी-ई-एस-एच-डब्ल्यू-ए पेशवा! तो कॉलिन्समधे आहे. हे कळलं त्या रविवारी मावशीने काकांना बाजीराव ते दमाजी गायकवाड सगळा इतिहास ऐकवला, गायकवाडांच्या गावात बसून पेशवा लावायचा म्हणजे इतिहास निघणारच. एच आणि डब्ल्यू दोन्ही चार चार पॉइंट्सचे, आणि आपल्या शब्दांमधे ख, घ, ध, भ लिहायला एच लागतोच, म्हणून रॅकवर एच आला की मी आधी मराठीत विचार करते आणि मग स्पेलिंग बघते. फाइंडरवर चांदणी-डी-एच-चांदणी, चांदणी-बी-एच-चांदणी, चांदणी-के-एच-चांदणी असं एकेक टाकून बघा, नुसतं वाचायला पण मजा येते.

दोन अक्षरी शब्द कॉलिन्समधे 127 आहेत, 2019 मधे ओके, ई-डब्ल्यू आणि झेड-ई आल्यावर. हे पाठ असलेला माणूस आणि नसलेला माणूस ह्यांचा खेळ बघा, जमीनअस्मानाचा फरक. क्यूचा एकच, तो 62 वाला. सीचा एकच, सी-एच. व्हीचा एकही नाही, म्हणून व्ही हातात अडकला की जीव जातो. झेडचे तीन, झेड-ए, झेड-ई, झेड-ओ. फाइंडरमधे दोन प्रश्नचिन्हं टाकून ही यादी वनलुकवर काढू नका, तिथे दोन अक्षरी लघुरूपांचा पूर येईल, ही सरळ कॉलिन्सचीच घ्या.

आता ते ॲप. नाव घेत नाही. प्ले स्टोरवरून भाचीने माझ्या फोनवर टाकून दिलं होतं, आयकॉन छान, रंग छान. प्रत्येक शोधानंतर जाहिरात, तीही बंद करायची खूण इतकी बारीक की बोट भलतीकडेच पडतं. पाच अक्षरांपुढचे निकाल बघायचे तर पैसे भरा, आणि पैसे महिन्याचे नाही, आठवड्याचे. तेही एक वेळ चाललं असतं, पण सेटिंग्जमधे यादी निवडायची सोयच नाही आणि कुठली यादी वापरतात हे कुठे लिहिलेलंही नाही. झेड-ओ टाकला तर नाही म्हणालं, आणि दुसरीकडे एका शहराचं नाव खुशाल शब्द म्हणून दिलं. म्हणजे ही यादी ना अमेरिकेची ना कॉलिन्सची. असं साधन वापरून एखाद्याने चॅलेंज केलं, म्हणजे समोरच्याच्या शब्दावर हरकत घेतली, तर भांडणंच होणार. मी ते काढून टाकलं आणि भाचीच्या फोनवरूनही काढायला लावलं. तुम्ही कुठलंही नवीन ॲप टाकलंत तर पहिल्यांदा हेच करा, झेड-ओ आणि सी-एच टाकून बघा. हो म्हणालं तर कॉलिन्स आहे. नाही म्हणालं आणि यादी बदलायची सोय पण नसेल तर आपल्या उपयोगाचं नाही.

झिझिव्हा मात्र वेगळ्याच लेव्हलचं आहे. नाव विचित्र आहे, एका भुंगेऱ्यासारख्या किड्याचं नाव आहे, काही इंग्रजी डिक्शनऱ्यांमधला अगदी शेवटचा शब्द. हे फाइंडर कमी आणि अभ्यासाचं साधन जास्त. ह्यात अटी एकावर एक चढवता येतात: लांबी सात, ही अक्षरं असलीच पाहिजेत, हा पॅटर्न पण बसला पाहिजे. आणि प्रत्येक शब्दाच्या डाव्या उजव्या बाजूला बारीक अक्षरांत दाखवतं की पुढे काय लागतं आणि मागे काय लागतं, ह्यांना हुक म्हणतात. बोर्डावर पडलेल्या शब्दाला एक अक्षर चिकटवून स्वतःचा शब्द आडवा काढायचा म्हणजे हुक माहीत पाहिजेत, आणि हे कुठलीही साधी साइट इतकं स्वच्छ दाखवत नाही. शिवाय प्रश्नपत्रिका काढतं, चुकलेले शब्द परत परत विचारतं. काकांचं सगळं पाठांतर ह्यावरच. दिसायला जुनाट आहे, रंगबिंग काही नाही, पहिल्या दिवशी मावशीने नाक मुरडलं. पण उघडल्या उघडल्या सात अक्षरी शब्दांच्या मागे लागू नका. आधी दोन अक्षरी, मग तीन अक्षरी, मग क्यू झेड जे एक्सवाले छोटे शब्द.

सात अक्षरींचं वेड लागलं की एक सोपी वाट आहे. ए-ई-आय-एन-एस-टी ही सहा अक्षरं हातात साठवायची, बाकीच्यांतल्या जवळजवळ कुठल्याही सातव्या अक्षराबरोबर सात अक्षरी शब्द बनतो. आर आला तर बघा: रिटेन्स, नॅस्टिअर, रेटिनाज, स्टेनर, अँट्सिअर, सगळे त्याच सात अक्षरांचे. आल्फ्रेड बट्स हे आर्किटेक्ट होते, त्यांनी 1930 च्या दशकात हा खेळ बनवताना न्यूयॉर्क टाइम्सच्या पानांवरची अक्षरं हाताने मोजली आणि त्यावरून कुठलं अक्षर किती हे ठरवलं, ई 12, ए आणि आय 9, क्यू आणि झेड एकेकच. एस मात्र मुद्दाम चारच ठेवले. म्हणून एस आणि ते दोन ब्लँक, म्हणजे कुठलंही अक्षर मानता येतं त्या कोऱ्या टाइल्स, पाच सहा पॉइंट्ससाठी उडवून टाकू नका, काका तर ब्लँक सातच्या शब्दाशिवाय खालीच ठेवत नाहीत.

मावशी आणि काकांचा अर्थावरून वाद अजून चालूच आहे. काका न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सचं उदाहरण देतात, ज्याने 2015 मधे फ्रेंच येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद जिंकलं, नुसती यादी पाठ करून. मावशी म्हणते तो जिंकला असेल पण त्याला वाचता काय येणार त्या भाषेत. मला दोघांचंही पटतं, पण आमच्या घरी ह्यातून एक चांगली पद्धत पडली आहे: नवीन शब्द लावला की लावणाऱ्याने डाव संपल्यावर त्याचा अर्थ शोधून सगळ्यांना सांगायचा. वनलुकवर तोच शब्द दाबला की अर्थ लगेच मिळतो, त्यामुळे काकाही आता कुरकुर करत नाहीत.

खेळताना मात्र फाइंडर नाही म्हणजे नाही. ह्याबद्दल मी अगदी कडक आहे. फोन सगळे मावशीच्या शोकेसवर, फक्त भाच्याचा एक फोन चॅलेंजसाठी, आणि त्यावर फक्त कॉलिन्सचा चेकर उघडायचा, ज्यात पूर्ण शब्द टाकला की हो किंवा नाही एवढंच येतं. फाइंडर आणि चेकर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक सुचवतो, दुसरा निवाडा करतो, आणि डाव चालू असताना सुचवणारा हातात असला की समोरच्याच्या मेहनतीचा अपमान होतो. ऑनलाइन अनोळखी लोकांबरोबर खेळताना कोण काय करतं ते बघायला आपण जात नाही, पण घरच्या बोर्डावर हे पाळा. डाव संपल्यावर खुशाल उघडा, दोघं मिळून रॅक परत मांडा, काय सुटलं ते बघा. आमच्याकडे डावापेक्षा हा नंतरचा अर्धा तास जास्त रंगतो.

एक शेवटची सोय सांगते. नवीन येणाऱ्यांसाठी आम्ही दोन अक्षरी शब्दांच्या 127 च्या यादीची प्रिंट काढून रावपुऱ्यातून लॅमिनेट करून आणली आहे, आणि पहिले काही डाव ती समोर ठेवून खेळायची त्यांना परवानगी असते. मागच्या बाजूला मावशीने स्वतःच्या अक्षरात क्यूचे बिनयूवाले शब्द अर्थासकट लिहिलेत. तुम्ही सुरुवात करत असाल तर ॲप वगैरे नंतर, आधी ही यादी छापून घ्या, आणि आवृत्ती 2019 किंवा त्यानंतरची आहे ना तेवढं बघून घ्या, जुन्या छापील याद्यांमधे 127 पेक्षा कमीच असतात आणि मग ओकेवरून वाद होतो.